पृथ्वीच्या पोटात काय आहे आणि भूपट्ट का सरकतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूकंपाची मोठी बातमी आली किंवा कुठला ज्वालामुखी जागा झाला की तेच ते प्रश्न पुन्हा विचारले जातात. त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. क्रमानेच वाचायला हवीत असे नाही, पण पहिले उत्तर टाळू नका. पुढच्या निम्म्या शंका तिथेच फिटतात.

आपल्या पायाखाली लाव्हारसाचा समुद्र आहे आणि जमीन त्यावर तरंगते, हे खरे का?

नाही. या समजाला लाल-केशरी रंगांत रंगवलेल्या आकृत्या बऱ्याच अंशी जबाबदार आहेत. भूकवचाच्या खाली जवळजवळ २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण आहे आणि ते खडकाचे आहे. घन, स्फटिकांनी बनलेला खडक. पृथ्वीच्या आकारमानाचा ८४ टक्के भाग एकट्या प्रावरणाने व्यापला आहे.

त्याचा मूळ रंगही लाल नाही. वरच्या प्रावरणातला मुख्य खडक म्हणजे पेरिडोटाइट आणि त्यात सर्वाधिक असते ऑलिव्हिन हे हिरवे खनिज. काही ज्वालामुखींच्या उद्रेकात लाव्ह्याबरोबर खालच्या खडकाचे तुकडे न वितळता वर येतात. काळ्याकभिन्न बेसाल्टमध्ये असा मुठीएवढा तुकडा अडकलेला असतो. तो फोडला की आत पोपटी, काचेसारखे चमकणारे दाणे एकमेकांना घट्ट चिकटून बसलेले दिसतात. मधूनच एखादा गर्द पाचूरंगी ठिपकाही असतो, तो पायरॉक्सिन या दुसऱ्या खनिजाचा. दागिन्यांत बसवतात ते पेरिडॉट रत्न म्हणजे ऑलिव्हिनच. थोडक्यात, प्रावरणाचा नमुना हातात घेऊन पाहता येतो आणि तो हिरवा असतो.

अर्थात खाली हजार-दीड हजार अंशांवर कोणताही खडक धगधगीत दिसेल. पण धगधगीत असणे वेगळे आणि पातळ असणे वेगळे. वरच्या प्रावरणात काही ठिकाणी स्फटिकांच्या सांदीकोपऱ्यांत थोडासा शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, असतो, त्यापलीकडे नाही. पृथ्वीच्या आत खऱ्या अर्थाने द्रव असलेला एकच मोठा थर आहे, बाह्य गाभा. आणि तो खडकाचा नसून लोखंडाचा आहे.

मग वरून खाली जाताना काय काय लागते?

पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. त्यातले भूकवच अगदीच पातळ. महासागरांखाली ते सुमारे ७ किलोमीटरचे आणि बेसाल्टी, तर खंडांखाली साधारण ३५ ते ४० किलोमीटरचे. तिबेटच्या पठाराखाली मात्र ते ७० किलोमीटरच्या घरात जाते.

त्याखाली प्रावरण. ते एकजिनसी नाही. ४१० आणि ६६० किलोमीटरच्या आसपास त्याच्या गुणधर्मांत अचानक बदल होतो. पदार्थ बहुतांशी तोच राहतो, पण दाबामुळे अणूंची मांडणी अधिक दाटीवाटीची होते. ६६० किलोमीटरच्या खाली ब्रिजमनाइट नावाचे खनिज राज्य करते. हे पृथ्वीवरचे सर्वांत विपुल खनिज, पण त्याला अधिकृत नाव मिळाले २०१४ मध्ये! खनिजाला नाव देण्यासाठी नैसर्गिक नमुना लागतो आणि तो शेवटी मिळाला एका उल्केत. ही उल्का १८७९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडली होती.

२,८९० किलोमीटरवर प्रावरण संपते आणि लोखंड-निकेलचा द्रव बाह्य गाभा सुरू होतो. ५,१५० किलोमीटरच्या खाली त्याच धातूंचा घन आंतरगाभा आहे. त्याची त्रिज्या सुमारे १,२२० किलोमीटर, म्हणजे चंद्रापेक्षा लहान.

तिथे कुणीच गेलेले नाही, तर हे सगळे कशावरून सांगता?

रास्त प्रश्न आहे. पहिला धागा वजनाचा. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७९८ मध्ये शिशाच्या गोळ्यांमधले सूक्ष्म आकर्षण मोजून पृथ्वीची सरासरी घनता काढली. ती पाण्याच्या साडेपाचपट निघाली. पृष्ठभागावरचे खडक पाण्याच्या जेमतेम पावणेतीन ते तीनपट जड. म्हणजे आत कुठेतरी फार जड काहीतरी दडलेले असणार, हे तेव्हाच उघड झाले.

दुसरा धागा भूकंपलहरींचा, आणि खरी माहिती तिथूनच मिळते. मोठा भूकंप झाला की त्याच्या लहरी पृथ्वीच्या आरपार जातात. त्यांत दोन प्रकार महत्त्वाचे. पी लहरी दाबत-सैल सोडत पुढे जातात आणि त्या घन-द्रव दोन्हींतून जाऊ शकतात. एस लहरी आडव्या हलवत जातात आणि द्रवातून त्यांना जाता येत नाही. लहर कुठे किती वाजता पोहोचली, याच्या नोंदींवरून ती कशातून गेली असेल याचा हिशेब मांडता येतो.

८ ऑक्टोबर १९०९ रोजी झाग्रेबजवळच्या कुपा नदीच्या खोऱ्यात भूकंप झाला. आंद्रिया मोहोरोव्हिचिच यांनी वेगवेगळ्या वेधशाळांच्या नोंदी जमवल्या, तेव्हा त्यांना दिसले की काही अंतरावर पी लहरी एकदा नव्हे, दोनदा पोहोचतात. एक लहर वरच्या थरातून सरळ आलेली; दुसरी खाली जाऊन अधिक वेगाने धावत पुन्हा वर आलेली. लांबचा रस्ता, पण वेगवान. म्हणून दूरच्या केंद्रांवर तीच आधी पोहोचत होती. यावरून एका ठरावीक खोलीवर लहरींचा वेग एकदम वाढतो हे सिद्ध झाले. भूकवच आणि प्रावरण यांच्यातल्या या सीमेला आज ‘मोहो’ म्हणतात.

त्याच सुमारास गाभाही सापडला. रिचर्ड ओल्डहॅम यांनी १९०६ मध्ये त्याचे अस्तित्व दाखवले आणि काही वर्षांनी बेनो गुटेनबर्ग यांनी त्याची खोली सुमारे २,९०० किलोमीटर अशी काढली. भूकंपाच्या केंद्रापासून साधारण १०४ अंशांपलीकडे (हे अंश तापमानाचे नव्हेत, पृथ्वीच्या गोलावरचे अंतर कोनात मोजलेले) सरळ येणाऱ्या एस लहरी मिळतच नाहीत. मध्ये द्रव आहे याचा हा पुरावा. पी लहरी गाभ्यात शिरताना वाकतात, त्यामुळे १०४ ते १४० अंशांच्या पट्ट्यात त्यांचीही ‘सावली’ पडते.

पण १९२९ मध्ये न्यूझीलंडमध्ये झालेल्या भूकंपाच्या नोंदींत या सावलीच्या पट्ट्यातही काही क्षीण लहरी उमटल्या होत्या. इतरांनी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेमन यांनी दिले. द्रव गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा गाभा असेल आणि लहरी त्यावरून परतत असतील, तरच हा हिशेब जुळतो, असे त्यांनी १९३६ मध्ये मांडले. आंतरगाभ्याचा शोध तो हाच. त्यांच्या निबंधाचे शीर्षक एकाच अक्षराचे होते, पी आणि त्यावर एक तिरकी रेघ.

भोक पाडून खाली का जात नाहीत?

प्रयत्न झाला. रशियाच्या कोला द्वीपकल्पावर १९७० मध्ये खोदाई सुरू झाली आणि १९८९ मध्ये १२,२६२ मीटर खोली गाठली. तिथे १०० अंशांच्या आसपास तापमान अपेक्षित होते, ते निघाले १८०. खडक इतका मऊ आणि चिवट झाला की पुढे खोदणे अशक्य झाले. दोन दशकांच्या मेहनतीत पृथ्वीच्या त्रिज्येचा पाचशेवा हिस्साही पार झाला नाही. मोहो तर दूरच.

घन खडक वाहतो? हे पटत नाही.

हिमनदी घ्या. बर्फ घन आहे, हातोडा मारला तर तडकतो, आणि तरीही हिमनदी दरीतून उतरत राहते. प्रावरणाचा खडकही असाच. वितळण्याच्या जवळपास तापलेल्या स्फटिकांत अणू जागा बदलत राहतात आणि सतत ताण असेल तर खडक अतिशय संथपणे आकार बदलतो. भूकंपलहर काही सेकंदांत निघून जाते. तिच्या दृष्टीने तो पक्का घन. हजारो वर्षांच्या ताणापुढे मात्र तो द्रवासारखा वागतो. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

याचा पुरावा उघड्या डोळ्यांनी दिसतो तो स्वीडन आणि फिनलंडच्या किनाऱ्यावर. शेवटच्या हिमयुगात त्या भागावर दोन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता. त्याच्या भाराने जमीन खाली दबली आणि खालचा प्रावरणाचा खडक बाजूला सरकला. बर्फ वितळून सुमारे दहा हजार वर्षे झाली, पण सरकलेला खडक अजून परत येतोच आहे आणि बोथनियाच्या आखाताभोवतीची जमीन अजूनही वर्षाला एक सेंटिमीटरच्या आसपास वर उचलली जाते आहे. लुलेओ या स्वीडिश शहराचे बंदर यामुळेच उथळ होत गेले. जहाजे येईनात, म्हणून १६४९ मध्ये अख्खे शहर समुद्राच्या दिशेने हलवावे लागले. जुन्या गावाचे चर्च आणि त्याभोवतीची लाकडी घरे आज किनाऱ्यापासून आत उभी आहेत.

भूकवच आणि भूपट्ट एकच ना?

नाही, आणि ही गफलत फार होते. भूकवच आणि प्रावरण हा फरक पदार्थाचा आहे. भूपट्ट ठरतो तो कणखरपणावरून. भूकवच आणि त्याखालचा प्रावरणाचा वरचा, थंड, ताठ भाग मिळून शिलावरण होते. त्याचे तुकडे म्हणजे भूपट्ट किंवा प्लेट. समुद्राखाली ते १०० किलोमीटरच्या आसपास जाड असतात, तर जुन्या खंडांखाली २०० किलोमीटर किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे भूपट्टाचा बहुतेक भाग प्रावरणाचाच असतो. त्याखाली दुर्बलावरण आहे, तेही घनच, पण वितळणबिंदूच्या जवळ असल्याने मऊ.

एकूण भूपट्ट किती?

मोठे सात किंवा आठ. पॅसिफिक, उत्तर अमेरिकी, दक्षिण अमेरिकी, युरेशियन, आफ्रिकी, अंटार्क्टिक आणि भारत-ऑस्ट्रेलियन. शेवटचा दोन वेगळे धरला की आठ होतात, आणि आता बहुतेक जण तसाच धरतात. नाझ्का, अरबी, फिलिपिन, कोकोस, कॅरिबियन असे मध्यम आणि कितीतरी लहान तुकडे वेगळेच. भूपट्टाची सीमा आणि खंडाचा किनारा यांचा संबंध असेलच असे नाही. आफ्रिकी भूपट्ट अटलांटिकच्या निम्म्या तळापर्यंत पसरला आहे.

त्यांना ढकलते कोण?

नेहमीचे उत्तर असे असते की प्रावरणातले अभिसरण प्रवाह, म्हणजे गरम होऊन वर येणारा आणि थंड होऊन खाली जाणारा खडक, भूपट्टांना पाठीवर घेऊन जातात. चूक नाही, पण त्यातून चित्र उलटे उभे राहते. भूपट्ट हे कुणीतरी वाहून नेलेले निर्जीव ओझे नव्हेत. भूपट्ट हाच त्या अभिसरणाचा वरचा, थंड होऊन बुडणारा भाग आहे.

समुद्राच्या मधोमध असलेल्या पर्वतरांगेपाशी नवा सागरतळ जन्माला येतो तेव्हा तो गरम आणि त्यामुळे हलका असतो. दूर सरकता सरकता तो थंड होतो, जाड होतो, जड होतो. म्हणूनच पर्वतरांगेपाशी सुमारे अडीच किलोमीटर खोल असलेला समुद्र जुन्या तळावर साडेपाच-सहा किलोमीटर खोल असतो. शेवटी हा पट्ट खालच्या प्रावरणापेक्षाही जड होतो आणि समुद्रतळावरच्या खोल, लांबट खंदकापाशी वाकून आत बुडू लागतो. खाली गेल्यावर दाबाने त्यातल्या बेसाल्टचे एक्लोजाइट या खडकात रूपांतर होते, ते आणखी जड. पलंगावरची रजई एका बाजूने जास्त लोंबली की उरलेली रजई आपोआप ओढत जमिनीवर येते, तसा बुडणारा भाग मागच्या सगळ्या भूपट्टाला खेचून घेतो. त्याच्या जोडीला उंच पर्वतरांगेवरून खाली घसरण्याचा जोर असतो, पण तो तुलनेने कमी.

पडताळून पाहायचे असेल तर वेग पाहा. पॅसिफिक आणि नाझ्का यांच्या कडा मोठ्या प्रमाणावर खंदकांत बुडत आहेत. ते झपाट्याने सरकतात. आफ्रिकी आणि युरेशियन भूपट्टांना अशी बुडणारी कड फारशी नाही, ते रेंगाळतात. माझ्या मते शाळेत अभिसरणाचे बाण काढण्याआधी ही तुलना शिकवायला हवी.

बुडालेल्या भूपट्टाचे पुढे काय होते?

तो लगेच वितळून जात नाही. थंड असल्यामुळे तो बराच काळ ठिसूळ राहतो आणि त्यात भूकंपही होतात. जपानी भूकंपशास्त्रज्ञ कियू वादाती यांनी दाखवले की जपानखाली भूकंपांची केंद्रे एका तिरक्या प्रतलावर खंडाच्या दिशेने अधिकाधिक खोल जातात. जगभरात अशी केंद्रे सुमारे ७०० किलोमीटर खोलीपर्यंत मिळतात आणि ती मिळतात फक्त बुडणाऱ्या पट्टांतच.

त्याच्याही खाली हे पट्ट भूकंपलहरींच्या साहाय्याने ‘दिसतात’. रुग्णालयातल्या सीटी स्कॅनचेच गणित इथे वापरले जाते. थंड भागातून लहरी जरा वेगाने जातात. उत्तर अमेरिकेखाली फॅरलॉन नावाचा भूपट्ट कोट्यवधी वर्षांपूर्वी बुडाला. वर त्याचे काही तुकडेच उरले आहेत, पण त्याचा मोठा भाग आजही त्या खंडाच्या खाली खोल प्रावरणात उतरताना सापडतो.

वेगेनर यांचे म्हणणे इतकी वर्षे का मानले गेले नाही?

आल्फ्रेड वेगेनर हे हवामानशास्त्रज्ञ होते. खंड एकेकाळी जोडलेले होते आणि नंतर दूर गेले, ही कल्पना त्यांनी १९१२ मध्ये मांडली आणि १९१५ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. पुरावे भक्कम होते. मेसोसॉरस हा छोटा जलचर सरपटणारा प्राणी दक्षिण अमेरिका आणि दक्षिण आफ्रिका या दोनच ठिकाणी सापडतो. ग्लोसोप्टेरिस या वनस्पतीचे जीवाश्म भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका असे सगळीकडे. आज उष्ण असलेल्या प्रदेशांत एकाच काळातल्या हिमनद्यांचे ओरखडे.

‘मूर्ख विरोधकांनी द्रष्ट्याला छळले’ अशी गोष्ट सांगायला छान वाटते, पण ती पूर्ण खरी नाही. वेगेनर यांनी सुचवलेली बले, म्हणजे पृथ्वीच्या परिवलनाचा आणि भरती-ओहोटीचा ओढा, खंड हलवायला कितीतरी पटींनी अपुरी होती. हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी ते आकडेमोडीने दाखवले आणि ती आकडेमोड बरोबर होती. शिवाय खंड सागरतळ चिरत जातात ही कल्पनाही टिकणारी नव्हती. आर्थर होम्स यांनी १९३० च्या सुमारास प्रावरणातल्या अभिसरणाचा मार्ग सुचवला, पण तेव्हा पुरावा नव्हता. वेगेनर १९३० मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेवर वारले.

पुरावा आला समुद्राच्या तळातून. मेरी थार्प या १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अटलांटिकच्या खोलीच्या नोंदींवरून तळाचे छेद काढत होत्या. स्त्री असल्यामुळे त्यांना संशोधन जहाजावर जाऊ दिले जात नव्हते; नोंदी त्यांचे सहकारी ब्रूस हीझन आणि इतर आणत. एकेक छेद शेजारी ठेवल्यावर मध्य अटलांटिक पर्वतरांगेच्या माथ्यावर सगळीकडे एक खोल भेग दिसू लागली. हीझन यांनी आधी ते बायकी बडबड म्हणून उडवून लावले. पण भूकंपांच्या केंद्रांचा नकाशा त्याच मापाने काढून वर ठेवला, तेव्हा ती केंद्रे नेमकी त्या भेगेवर बसली.

हॅरी हेस यांनी १९६२ मध्ये सागरतळ तिथे फाकतो आणि नवा तयार होतो असे मांडले. पुढच्याच वर्षी फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी निर्णायक पुरावा पुढे केला. लाव्हा थंड होताना त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतो, आणि ते क्षेत्र मधूनमधून उलटत आले आहे. पर्वतरांगेच्या दोन्ही बाजूंना सुलट-उलट चुंबकत्वाचे पट्टे आरशातल्या प्रतिबिंबासारखे जुळत होते. कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्ली यांनी स्वतंत्रपणे हेच लिहिले होते, पण त्यांचा लेख नियतकालिकांनी परत पाठवला. १९६७-६८ पर्यंत डॅन मॅकेन्झी, जेसन मॉर्गन आणि इतरांनी ताठ भूपट्टांचे गणित मांडले आणि वाद जवळजवळ संपला.

सतत नवा सागरतळ तयार होतो, तर पृथ्वी फुगते आहे का?

नाही. जितका तयार होतो तितकाच खंदकांत बुडतो. म्हणूनच आजच्या महासागरांचा तळ जास्तीत जास्त १८-२० कोटी वर्षांचा, तर खंडांवर ४०० कोटी वर्षांचे खडक सापडतात. खंडांचे भूकवच हलके असल्याने ते सहजासहजी बुडत नाही.

खाली सगळे घन, तर ज्वालामुखीत लाव्हा येतो कुठून?

खडक वितळवायला तो आणखी तापवावा लागतोच असे नाही. दाब जास्त असला की खडक जास्त तापमानालाही घन राहतो. दोन भूपट्ट दूर जातात तिथे खालचा गरम खडक वर सरकतो, दाब उतरतो आणि त्याचा काही भाग वितळतो. आइसलँड अशाच पर्वतरांगेवर आहे.

दुसरा मार्ग पाण्याचा. बुडणारा सागरतळ आपल्या खनिजांत अडकलेले पाणी घेऊन जातो. सुमारे १०० किलोमीटर खोलीवर ते बाहेर पडते आणि वरच्या प्रावरणाच्या खडकाचा वितळणबिंदू खाली आणते. पॅसिफिकच्या कडेने ज्वालामुखींची जी माळ आहे ती याच कारणाने. पाणी मिसळलेला हा शिलारस चिकट आणि वायूंनी भरलेला असतो, म्हणून त्याचे स्फोट भयंकर.

तिसरा प्रकार तप्तस्थळांचा. हवाई बेटे भूपट्टाच्या मधोमध आहेत. खोलातून गरम खडकाचा स्तंभ वर येतो आणि त्यावरून भूपट्ट सरकत राहतो, त्यामुळे बेटांची रांग तयार होते. जितके दूर तितके जुने. सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीच्या ठिकाणी या रांगेला ठळक वळण आहे. दख्खनच्या बेसाल्टचे थर ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतले गेले तेही अशाच तप्तस्थळातून, जे आज रियुनियन बेटाखाली आहे.

दोन खंड समोरासमोर आले तर कोण बुडते?

पुरते कुणीच नाही. म्हणून हिमालय. भारताचा भूखंड एकेकाळी वर्षाला १५ सेंटिमीटरहून अधिक वेगाने उत्तरेकडे येत होता. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला धडकला आणि वेग पाच सेंटिमीटरच्या आसपास उतरला. मधला समुद्र नाहीसा झाला. एव्हरेस्टचा माथा चुनखडकाचा आहे आणि त्यात ४५ कोटी वर्षांहून जुन्या समुद्री जीवांचे अवशेष आहेत.

भूकंप फक्त भूपट्टांच्या सीमांवरच होतात का?

बहुतेक होतात, सगळे नाही. १८११-१२ मध्ये अमेरिकेच्या मधोमध न्यू माद्रिदला आणि १९९३ मध्ये किल्लारीला झालेले भूकंप भूपट्टाच्या आतले होते. सीमेवरचा ताण भूपट्टातून दूरवर पोहोचतो आणि जुने, विसरलेले भ्रंश, म्हणजे खडकातल्या सरकू शकणाऱ्या भेगा, त्याला जागा देतात. अशा ठिकाणच्या इमारती त्या तयारीने बांधलेल्या नसतात, म्हणून मध्यम भूकंपही जीवघेणा ठरतो.

भूकंपाची तारीख आधी सांगता येते का?

नाही. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. येत्या काही दशकांत एखाद्या भ्रंशावर मोठा भूकंप होण्याची शक्यता किती, इतके सांगता येते. भूकंप सुरू झाल्यावर पुढे धावणाऱ्या पी लहरी पकडून, विनाशक एस लहरी पोहोचण्याच्या काही सेकंद आधी इशारा देता येतो. जपानमध्ये २००७ पासून तो सर्वसामान्यांना मिळतो. रेल्वेगाड्या थांबवायला तेवढा वेळ पुरतो.

आंतरगाभा सर्वांत गरम, मग तो घन कसा?

दाबामुळे. केंद्रापाशी दाब वातावरणाच्या सुमारे ३६ लाख पट आहे. पाच हजार अंशांहून अधिक तापलेले लोखंडही तिथे घनच राहते. बाह्य गाभ्यात दाब तुलनेने कमी, म्हणून तो द्रव.

म्हणजे पृथ्वीच्या आत मोठे लोहचुंबक आहे?

नाही. लोखंड ७७० अंशांवर आपले कायम चुंबकत्व गमावते. चुंबकीय क्षेत्र तयार होते ते बाह्य गाभ्यातल्या वाहत्या द्रव लोखंडात निर्माण होणाऱ्या विद्युतप्रवाहांमुळे. आंतरगाभा हळूहळू गोठत वाढतो आहे आणि त्यातून सुटणारी उष्णता व हलकी मूलद्रव्ये हा प्रवाह चालू ठेवतात. हे क्षेत्र शेवटचे कायमचे उलटले ते सुमारे ७.८ लाख वर्षांपूर्वी. तेव्हा आपले पूर्वज पृथ्वीवर होते आणि टिकले, एवढे भीतीदायक व्हिडिओ बघणाऱ्यांसाठी पुरे.

इतकी उष्णता आली कुठून?

काही पृथ्वी घडतानाची शिल्लक आणि काही युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांच्या किरणोत्सर्गातून, ढोबळमानाने निम्मी-निम्मी. लॉर्ड केल्विन यांनी १८६२ मध्ये पृथ्वी थंड होण्याच्या वेगावरून तिचे वय २ ते ४० कोटी वर्षे काढले. किरणोत्सर्ग माहीत नव्हता म्हणून ते चुकले, असे सांगितले जाते. त्याहून मोठी चूक दुसरीच होती. पृथ्वीचा आतला भाग हलत नाही असे त्यांनी धरले होते. त्यांचेच माजी साहाय्यक जॉन पेरी यांनी १८९५ मध्ये दाखवून दिले की आतला खडक वाहत असेल तर वय कितीतरी अधिक निघते. त्यांच्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही.

दुसऱ्या ग्रहांवर भूपट्ट आहेत का?

पृथ्वीसारखे, सलग यंत्रणा चालवणारे, कुठेच आढळलेले नाहीत. मंगळावर ऑलिंपस मॉन्स हा ज्वालामुखी २० किलोमीटरहून उंच वाढला, याचे एक कारण म्हणजे तप्तस्थळावरून सरकणारा भूपट्टच तिथे नव्हता. लाव्हा एकाच जागी साचत गेला.

हा कोटी-कोटी वर्षांचा मामला. रोजच्या व्यवहारात त्याचा काय संबंध?

ऑस्ट्रेलियाला विचारा. तो खंड वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. तिथले नकाशे १९९४ च्या स्थितीवर बांधलेले होते, आणि उपग्रहावरून मिळणारे स्थान व नकाशावरचे स्थान यांत फरक पडत पडत २०२० पर्यंत तो १.८ मीटरवर गेला. उपग्रहाच्या आधारे आपोआप चालणाऱ्या ट्रॅक्टरला एवढा फरक चालत नाही, म्हणून अख्ख्या देशाचे अक्षांश-रेखांश नव्याने ठरवावे लागले. जपानमध्ये तर २०११ च्या भूकंपानंतर काही मिनिटांतच मुख्य बेटाचा काही भाग २.४ मीटर पूर्वेला सरकला. तिथल्या सर्वेक्षण खात्याला आपले संदर्भबिंदू पुन्हा मोजून घ्यावे लागले.